ओवाळणी की वाटणी?

दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर एक बाक असतो. कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, तो असतोच. शेजारी मुद्रांक विक्रेत्याचे टेबल, पलीकडे झेरॉक्सचे दुकान, चहाची टपरी, आणि बाकावर ठेवणीतल्या साड्या नेसून अवघडून बसलेल्या तीन-चार बायका. त्या एकमेकींशी फारसे बोलत नाहीत. त्यांच्याभोवती भाऊ, भाचे आणि वकिलाचा कारकून यांची धावपळ चाललेली असते. या बायका जमीन घ्यायला आलेल्या नसतात, आणि विकायलाही आलेल्या नसतात. त्या सही करायला आलेल्या असतात.

मी सातवीत असताना अशाच एका बाकावर आमच्या दोन आत्यांच्या मधे बसलो होतो. चाकणजवळच्या आमच्या गावची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी जाणार होती, आणि मोबदला हाती पडण्याआधी कागद ‘साफ’ करून घ्यायचे होते. हा ‘साफ’ शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. आत नंबर लागला, आत्यांचे फोटो निघाले, अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटले. ‘कागद वाचला का?’ असे टेबलामागच्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा थोरली आत्या म्हणाली, ‘भावानं वाचलाय की!’ ते हसले. आम्हीही हसलो. बाहेर आल्यावर सगळ्यांनी मिसळ खाल्ली, आणि परत येताना वडिलांनी दोघींना चांगल्या भारीतल्या साड्या घेतल्या. मला त्या दिवशी शाळा बुडाल्याचा आनंद तेवढा झाला होता.

त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आजोबा २०११ साली वारले, आजी त्यापूर्वीच गेलेली. मागे राहिले माझे वडील, चुलते आणि दोन आत्या. कायद्याने चौघांचे चार सारखे हिस्से. म्हणजे आलेल्या मोबदल्यातला निम्मा पैसा आत्यांचा. आमच्या वाट्याला आलेल्या पैशातून आमचे दुमजली घर उभे राहिले. काटेकोर हिशेब मांडायचा तर त्यातला एक मजला आत्यांचा आहे. ज्या खोलीत बसून मी हे लिहितो आहे ती वरच्या मजल्यावर आहे. घराच्या दर्शनी भिंतीवर ‘मातृछाया’ असे नाव कोरलेले आहे!

हे मी घरच्या मंडळींना कमीपणा आणण्यासाठी लिहीत नाही. माझे वडील बहिणींवर जीव टाकणारे आहेत. धाकट्या आत्याच्या यजमानांच्या आजारपणात ते पंधरा दिवस दवाखान्यात बसून होते. दर भाऊबीजेला ओवाळणी चुकली नाही. मला जे सांगायचे आहे ते नेमके हेच. दुष्ट भाऊ बहिणीला फसवतो ही नाटकातली गोष्ट झाली. आपल्या या पट्ट्यात चांगले भाऊ, प्रेमळ भाऊ, देवभोळे भाऊ बहिणीचा निम्मा हिस्सा एका दुपारी उतरवून घेतात आणि त्यात काही वावगे झाले असे कोणालाच वाटत नाही, बहिणीलाही नाही. तेव्हा हा प्रश्न माणसांच्या चांगुलपणावर सोडून सुटणारा नाही. तो शासनाच्या धोरणाचा प्रश्न आहे, आणि धोरण म्हणजे नुसता कायदा नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

कायद्यापुरते बोलायचे तर आपण बरेच पुढे आलो आहोत. किती पुढे, हे पाहण्यासाठी सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका दाव्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. खंडाप्पा मगदूम नावाचे गृहस्थ १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. हे चंद्रचूड घराणे मूळचे आपल्याच खेड तालुक्यातील कनेरसरचे, हे जाता जाता सांगून ठेवतो. हिराबाईंना चोवीस भागांपैकी सात भाग मिळाले. हा निकाल विधवेच्या दृष्टीने मोठा होता आणि त्याचे योग्य ते कौतुक झाले. परंतु त्याच हिशेबात मुलींचे काय झाले ते पाहा. तेव्हाच्या कायद्याने वडील, आई आणि दोन मुलगे यांचे आधी चार सारखे वाटे धरायचे. मग एकट्या वडिलांच्या वाट्याचे सहा वारसांत सहा तुकडे करायचे. मुलगी फक्त या दुसऱ्या वाटपात येते. जमीन चोवीस एकर होती असे समजा: आईला सात एकर, प्रत्येक मुलाला सात एकर, आणि प्रत्येक मुलीला एक एकर!

एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या भावाला सात आणि बहिणीला एक. हा काही गावगुंडाचा न्याय नव्हता. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याने, स्वतंत्र भारताच्या संसदेने, घालून दिलेले हे गणित होते. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, मुलीला नाही. त्याचा हा परिणाम. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात ही जन्मसिद्ध हक्काची पद्धतच मोडीत काढण्याचा विचार होता. ते बिल रखडले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक ठळक कारण होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्या राजीनाम्याची किंमत घरटी किती एकर पडली, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

पुढे राज्यांनी आपापल्या परीने दुरुस्त्या केल्या. आंध्रने १९८५-८६ च्या सुमारास, तामिळनाडूने १९८९ साली, आणि महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. त्याच वर्षी आपल्या राज्याने महिला धोरण जाहीर केले. मात्र १९९४ च्या दुरुस्तीत एक मेख होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नव्हता. म्हणजे जून महिन्यातल्या तिथीला लग्न झाले की मे महिन्यातल्या, यावर बाईचे एकर ठरायचे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही मेख काढली. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत की नाही, यावर पुन्हा पंधरा वर्षे कोर्टात खल झाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क जन्माने मिळतो, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या उकरून काढता येणार नाहीत. मगदूमांचेच कुटुंब आज असते, तर त्या चोवीस एकरांत आई, दोन मुलगे आणि तीन मुली या सहाही जणांना चार-चार एकर आले असते.

सातास एक येथून चारास चार येथपर्यंत यायला आपल्याला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आणि ज्या क्षणी चारास चार झाले, त्याच काळात आपल्याकडे हक्कसोडपत्रांचा बाक भरू लागला. पूर्वी मुलीला विचारावेच लागत नव्हते. आता तिची सही लागते म्हणून तिला गाडी पाठवून आणतात, एवढाच फरक!

आपल्या परिसराचे वेगळेपण इथे लक्षात घेतले पाहिजे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती पन्नासच्या दशकात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या शेतांचे कारखाने झाले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. साडेबारा टक्के परताव्याच्या मागणीसाठी इथल्या शेतकऱ्यांनी किती वर्षे हेलपाटे घातले, हे निगडी-वाल्हेकरवाडीकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. मग नव्वदीनंतर चाकण, महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे. ज्या कनेरसरचा उल्लेख वर केला, त्याच्याही शिवारात पुढे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन झाले. म्हणजे तीन पिढ्या या भागात जमिनीचे पैशात रूपांतर होते आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात बहिणीचा हिस्सा भावाने कसला, तर निदान जमीन तिथेच राहते. उद्या तिच्या मुलाला वाटले तर दावा लावता येतो. इथे तसे नाही. इथे जमीन एकदाच पैसा होते, तो पैसा एका आठवड्यात घर, गाडी, ट्रक, मंगल कार्यालय, भाड्याच्या खोल्या असा वाटेला लागतो, आणि मग हिस्सा मागायला शिवारच उरत नाही. जमिनीबरोबर मिळणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही एकाच्याच नावे निघतो. तो कोणाच्या नावे काढायचा यावर घरात चर्चा झाली, आणि त्या चर्चेत मुलीचे नाव निघाले, असे माझ्या पाहण्यात तरी आलेले नाही.

बहीण सही का करते? आमच्या प्राध्यापकांनी वर्गात हा प्रश्न विचारला होता तेव्हा ‘अज्ञान’ असे उत्तर आले. मी गेल्या दिवाळीत थोरल्या आत्याला विचारले. ती म्हणाली, ‘मला काय करायचंय रे जमिनीचं? सणावाराला यायला दार उघडं राहिलं म्हणजे झालं. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर पोरांनी जायचं कुठं?’ यात अज्ञान कुठे आहे? हा चोख हिशेब आहे. सासरी काही बिनसले तर परतायला एक घर असावे, मामाने भाच्यांच्या लग्नाला उभे राहावे, यासाठी ती आपला हिस्सा भरून जन्मभराचा विमा उतरवते आहे. हिस्सा मागितला की माहेर तुटते, आणि न मागितला की फक्त जमीन जाते. दोन्हींत स्वस्त काय, हे तिला कळते.

म्हणूनच ‘स्त्रियांनी जागृत व्हावे’ या उपदेशाचा मला आता कंटाळा आला आहे. जागृत होऊन तिने मागायचेच आहे ना? आणि मागण्याचीच तर किंमत मोजावी लागते! मागावी न लागता मिळेल अशी वाटणी ज्या व्यवस्थेत असेल, तिथेच माहेर आणि हिस्सा दोन्ही शाबूत राहतील. सरकारी कचेरीने आपण होऊन दिले, तर भावाला बहिणीवर रुसता येणार नाही. रुसायचेच तर कचेरीवर रुसावे.

चाकणच्या भूमीला हा विचार नवा नाही, याचा आपल्याला विसर पडला आहे. १९७७ साली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी आले आणि चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेऊन शेती करू लागले. चाकणच्या कांद्याच्या भावावरून आंदोलन पेटले आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. पुढे नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. आणि १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा पत्नीच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर जणांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर करायचे. आपल्या घामाचे दाम सरकारकडे मागणाऱ्याने घरातल्या बाईच्या घामाचा हिशेब आधी चुकता करावा, असा त्यामागचा रोख होता. हजारो बायकांची नावे त्यामुळे सातबारावर लागली. आपल्या देशात पुरुषांनी आपण होऊन जमीन द्यावी असे दुसरे आंदोलन मला तरी ठाऊक नाही.

तरीही दोन गोष्टी बोलायला हव्यात. लक्ष्मीमुक्तीत जमीन मिळाली ती पत्नीला. लेकीचा आणि बहिणीचा प्रश्न तसाच राहिला. लक्ष्मी सासरी मुक्त झाली, माहेरी नाही. दुसरे असे की तो दात्याचा कार्यक्रम होता. देणाऱ्याच्या मनात आले म्हणून दिले. मनात न येणाऱ्यांचे काय करायचे, याला त्यात उत्तर नव्हते.

कृपा आणि हक्क यांतला हा फरक पिंपरीच्या एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीत चांगला दिसतो. १९७४ साली टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली आणि स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असे त्यात छापले. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, संतापून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीचे बोलावणे आले, नेमणूक झाली, आणि टेल्कोत पहिली स्त्री अभियंता आली. गोष्ट फार छान आहे, आपण ती स्नेहसंमेलनात भाषणासाठी पाठ करतो. परंतु ते पोस्टकार्ड जे. आर. डीं.च्या ऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती पडले असते तर? त्यानंतर दोनच वर्षांत, १९७६ साली, समान वेतनाचा कायदा झाला आणि भरतीत स्त्री म्हणून डावलणे बेकायदा ठरले. त्या कायद्यावर कोणी पाठांतराची भाषणे करीत नाही. पण आज चाकणला बजाजच्या कारखान्यात मोटारसायकली जोडणाऱ्या मुलींना कामावर जाण्यासाठी कोणा उदार मालकाला पोस्टकार्ड लिहावे लागत नाही. पोस्टकार्डाला मिळालेले उत्तर ही ओवाळणी होती. कायदा ही वाटणी.

ओवाळणी म्हटल्यावर दुसऱ्या एका ओवाळणीबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुलै २०२४ पासून राज्य शासनाने ‘माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यात महिना १५०० रुपये जमा होऊ लागले. शहाण्यासुरत्या माणसांनी तिची टिंगल करण्याची एक पद्धत पडली आहे. मी त्यांच्यात नाही. ओटा स्कीममध्ये राहून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारा. त्या १५०० रुपयांत गॅस येतो, पोराच्या शिकवणीचे पैसे भागतात, आणि ते नवऱ्याला न विचारता काढता येतात. ही शेवटची गोष्ट लहान नाही. पण योजनेचे नावच बघा. शासन भाऊ झाले, आणि भावाने बहिणीला ओवाळणी घातली. ओवाळणीची रक्कम भाऊ ठरवतो. त्याचा हात आखडला की ती कमी होते. २०२५ साली पडताळणी सुरू झाली तशी कित्येक नावे वगळली गेलीही. जो भाऊ दरमहा १५०० देतो, त्याच्याच दुसऱ्या कचेरीत त्याच बहिणीकडून लाखांच्या हिश्शावर पाणी सोडल्याची सही नाममात्र मुद्रांकावर घेतली जाते, याची गंमत कोणाला वाटत नाही काय?

या नाममात्र मुद्रांकाकडे जरा नीट पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. जमीन विकायची तर सरकारी दराने तिची किंमत काढावी लागते, आणि त्या किमतीवर मुद्रांक शुल्क भरावे लागते. बहिणीने भावाच्या नावे वडिलोपार्जित हक्क मोबदल्याशिवाय सोडला, तर शुल्क काही शे रुपये. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, घरातल्या घरात वाटणी सोपी व्हावी म्हणून. परंतु शुल्क किमतीवर नसल्याने बाई काय सोडते आहे त्याचा आकडा तिच्या डोळ्यांपुढे यावा याची गरजच पडत नाही. आमच्या आत्यांनी सही केलेला कागद मी आता काढून वाचला आहे. त्यात गट नंबर आहे, क्षेत्र आहे, चतुःसीमा आहेत, ‘स्वखुशीने’ हा शब्द तीन वेळा आहे. रुपयांचा आकडा कुठेही नाही.

तेव्हा माझी पहिली मागणी फार साधी आहे. हक्कसोडपत्राच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, सोडलेल्या हिश्शाची सरकारी दराने होणारी किंमत लिहिली गेलीच पाहिजे, आणि ती भावाने नव्हे, कचेरीतल्या माणसाने बाईला वाचून दाखवली पाहिजे. तिला दान करायचे असेल तर खुशाल करावे. कर्णानेही कवचकुंडले दिली. पण आपण काय देतो आहोत हे त्याला ठाऊक होते.

दुसरी मागणी भूसंपादनाबद्दल. औद्योगिक विकास महामंडळाच्या कायद्यात नोटीस केवळ जमीनमालकाला नव्हे, तर त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या सर्वांना द्यायची असे आहे. घरातली लेक हितसंबंधी नाही तर कोण? पण व्यवहारात कचेरी सातबारा बघते, आणि सातबारावर मुलगी नसते. असलीच तर बऱ्याच ठिकाणी कब्जेदाराच्या सदरात नव्हे, ‘इतर अधिकार’ नावाच्या रकान्यात असते. विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, सोसायटीचा बोजा आणि घरची मुलगी, ही सगळी ‘इतर’! एका भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले की बाकीच्यांचा पत्ताच नाही. सबब क्रम उलटा केला पाहिजे. मोबदला वाटण्याआधी कचेरीने वारसांची यादी स्वतः पक्की करावी, प्रत्येकाचा हिस्सा काढावा, आणि बहिणीची रक्कम बहिणीच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी. नोटीस निघाल्यानंतर लिहिलेले हक्कसोडपत्र मोबदल्यापुरते धरूच नये. पैसे खात्यात आल्यावर तिला भावाला द्यावेसे वाटले, तर तिने धनादेश लिहावा. तो धनादेश लिहिताना तिला जे वाटेल, ते बाकावर बसून वाटत नाही.

यावर आक्षेप येतील, ते मी घरीच ऐकले आहेत. ‘मुलीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा.’ लग्न मुलाचेही झाले, त्याचा खर्च कोणी हिश्शातून वजा केला नाही. आणि लग्नात दिलेले सासरच्यांना मिळाले, तिला नव्हे. ‘जमिनीचे तुकडे होतील.’ चार मुलगे झाले तर तुकडे होतात, तेव्हा कोणी चौथ्याला हक्कसोड करायला लावत नाही. शिवाय आपल्याकडे तर जमिनीचा पैसा झालेला आहे, आणि पैशाचे तुकडे करायला मोजणी लागत नाही. ‘म्हाताऱ्या आईबापांना भाऊ सांभाळतो.’ हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. जो सांभाळतो त्याला जास्त मिळावे, यात अन्याय नाही. पण मग तसे मृत्युपत्रात लिहावे, सांभाळणारी लेक असेल तर तिलाही तोच न्याय लावावा, आणि न सांभाळणाऱ्या भावाचा हिस्साही कमी करावा. हे शेवटचे कोणी ऐकून घेत नाही.

एक आक्षेप असा आहे की त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. हिस्सा बहिणीच्या खात्यात आला, तरी तो जावई काढून घेईल. असे घडते. भावाच्या ऐवजी नवऱ्याचा मजला उभा राहतो. खाते तिचे एकटीचे असावे, थोडी रक्कम मुदत ठेवीत अडकवावी, असे उपाय सुचतात, पण घरातल्या दडपणाला बँकेचे कुलूप पुरत नाही हेही खरे. मात्र जावई खाईल या भीतीने भावाने खावे, हे तर्कशास्त्र मला पटत नाही.

लोक धोरणाने बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी मोशी-रावेतच्या नव्या इमारतींत एकदा चक्कर मारावी. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीतला विक्रेता पहिल्या भेटीतच विचारतो, ‘वहिनींच्या नावे करायचे का? पैसे वाचतील.’ आणि ज्या गृहस्थांच्या सात पिढ्यांत बाईच्या नावे गोठाही नव्हता, ते हिशेब करून मान हलवतात. एका टक्क्याने जे साधते ते शंभर व्याख्यानांनी साधत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्यांत बायका किती, हे आपण डोळ्यांनी पाहतोच.

२०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. मेलेल्या खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावायची. मोहीम उत्तम. पण वारसांची यादी गावातल्यांनी सांगायची असते, आणि सांगणारे बहुतेक पुरुष असतात. गावोगावी नोंदी झाल्या, त्यांत मुली किती आल्या हे मोजले पाहिजे. आणि ते मोजणे आपल्या हाती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी खेड-मावळातल्या एखाद्या गावी सात दिवस राहतो. रस्ता झाडतो, खड्डे खणून झाडे लावतो. पुढच्या वर्षी गेलो तर त्यांतली फार थोडी जगलेली असतात. येत्या शिबिरात एक दिवस चावडीत बसावे, असे मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचवले आहे. तलाठ्यांना, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, विनंती करून गावचे उतारे मोठ्याने वाचावेत, आणि प्रत्येक खात्यापुढे एकच प्रश्न विचारावा: या घरातल्या मुली कुठे दिल्या आहेत? उत्तर सगळ्या गावाला पाठ असते. राजगुरुनगरला, मंचरला, तळेगावला, एक मुंबईला. ती नावे वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-कमध्ये, आहेत का, हे तिथेच ताडून पाहता येईल. नसतील तर अर्जाचा नमुना आपण भरून देऊ. अर्जाला शुल्क नाही, अक्षर बरे असले की पुरे.

सरांनी अजून होकार दिलेला नाही. गावकरी शिबिराला जागा द्यायचे नाहीत, अशी त्यांना शंका आहे. ती अगदीच चुकीची नसावी. मी घरी विषय काढला तेव्हा वडील जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, ‘आधी आपल्या गावात नका करू.’ आमची अजून तीस गुंठे जमीन शिल्लक आहे, रस्त्यालगतची. माझी बहीण बारावीत आहे. ती समोरच बसली होती. तिने विचारले, ‘त्या तीस गुंठ्यांचा गट नंबर काय आहे, दादा?’